इंदूआक्का आणि चौथं बटन

इंदूआक्कांनी मला चार वर्षांत एकदाही नावानं हाक मारली नाही. पहिल्या दिवशी मी टोकन मागायला गेलो, तेव्हा त्यांनी मान वर न करताच विचारलं, "गाव कुठलं रं?" मी म्हणालो, वाई. "मग वाईकर, पायताण भाईर काढ." तेव्हापासून मी वाईकर. त्यांच्या दुकानात येणाऱ्या प्रत्येक पोराचं असंच व्हायचं. कुणी नाव सांगायला लागलं की त्या हातानंच थांबवायच्या. "नाव ऱ्हाऊ दे. नाव काय, आईबाप कायबी ठिवत्यात. गाव सांग."

दुकान म्हणजे सांगलीत, विश्रामबागेत, आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या मागच्या रस्त्याला, सायकल दुरुस्तीवाल्याला चिकटून असलेली पत्र्याच्या छपराची एक खोली. नव्वदच्या दशकाची मधली वर्षं होती. आत व्हिडिओ गेमची दोन मशिनं, कपाटाएवढी, भिंतीला पाठ लावून उभी. प्रत्येकापुढं एक लाकडी बाक. कोपऱ्यात बुद्धाची तसबीर, तिच्यापुढं रोज ताजं फूल, आणि तसबिरीखाली खुर्चीवर आक्का. मांडीवर परात आणि परातीत निवडायला घेतलेली गवार नाहीतर मेथी. दारावर त्यांच्या यजमानांनी फौजेतल्या टापटिपीनं रंगवलेली पाटी होती : 'व्हिडिओ गेम. शिवी देणाऱ्यास बाहेर काढले जाईल.' आणि काढलं जायचंच. मी एकदा गेलोय बाहेर, पाटीवरचं अक्षर खरं आहे.

यजमानांना सगळे हवालदार म्हणायचे. पलटणीत ते वायरलेसवर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी ही मशिनं आणली, बायकोला शेजारी बसवून आतली वायर न् वायर शिकवली आणि मग स्वतःच खेळाच्या नादाला लागले. सकाळी दुकान उघडलं की हवालदार बाकावर आणि पोरं मागं ताटकळत उभी. आक्कांनी तीन दिवस बघितलं. चौथ्या दिवशी सगळ्यांसमोर नवऱ्याला उठवलं. "गिऱ्हाईक उबं आन् मालक बसलेला, ह्ये कुठल्या दुकानात बगितलंय तुमी? आजपासनं मालकानं मशिनीला हात लावायचा न्हाई." हवालदारांनी जागेवरच कडक सलाम ठोकला म्हणे. पुढं दोन महिन्यांत त्यांना कोयनानगरला प्रकल्पावर पहाऱ्याची नोकरी लागली, ते फक्त शनिवारी घरी यायला लागले आणि दुकान आक्कांचं झालं. त्याबरोबर मालकानं हात लावायचा नाही हा नियमही त्यांच्याच गळ्यात पडला.

तो नियम त्यांना फार जड जात होता, हे मी शपथेवर सांगेन. गवार निवडता निवडता त्यांचा उजवा हात थांबायचा आणि परातीच्या काठावर बोटं हळूच नाचायला लागायची. मशिनीवर पोरगं चुकलं की परातीवर बोट बरोबर पडलेलं असायचं. कुणाच्या लक्षात आलं की त्या लगेच शेंग उचलायच्या. "आक्का, एकदा खेळा की," असं कुणी म्हटलं तर उत्तर ठरलेलं. "मालकाचं काम बगायचं. खेळायचं न्हवं."

बघणं मात्र असं, की तसं बघणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

खेळ म्हणजे मशीन नव्हे, खेळ म्हणजे मशिनीच्या पोटातला बोर्ड, हेही मला आक्कांकडूनच कळलं. शाळेच्या पाटीएवढा हिरवा बोर्ड, त्यावर काळे किडे बसवल्यासारखे भाग. तो काढून दुसरा बसवला की त्याच मशिनीत नवा खेळ. हवालदारांच्या पलटणीतल्या एका मित्रानं मुंबईहून असा एक बोर्ड पाठवला तो एका मंगळवारी पोचला. शनिवारपर्यंत नवऱ्याची वाट बघायला आक्कांना धीर निघेना. त्यांनी पदर खोचला, मशिनीची पाठ उघडली आणि दुपारपर्यंत स्वतःच तो बसवला. एक दुहेरी वायर उरली. मशीन जुन्या खेळाचं, त्याला दोन्ही खेळाडूंकडं बटनं तीन-तीन, ती सगळी लागली. मग ही चौथी जास्तीची दिली असणार, असं म्हणून त्यांनी तिला नीट काळी टेप गुंडाळली आणि एका बाजूला बांधून ठेवली. चालू केलं तर पडदा झगमगला. आक्कांनी तसबिरीला हात जोडले आणि आम्हाला हाका मारल्या.

तो मारामारीचा खेळ होता. दोन बाजू, प्रत्येकीकडे तीन गडी. आधी पडद्यावर पंचवीस-एक चेहरे यायचे, त्यातले तीन निवडायचे. पहिला पडला की दुसरा, दुसरा पडला की तिसरा. गंमत अशी, की हे सगळे मुळात एका खेळातले नव्हतेच. कंपनीनं आपल्या वेगवेगळ्या जुन्या खेळांतली माणसं उचलून इथं एकत्र आणून सोडली होती. आमच्या शेजारच्या जुन्या मशिनीवर जो खेळ होता, त्यातलेही सहा-सात जण त्यात निघाले. पहिल्यांदा तो उड्या मारणारा म्हातारा पडद्यावर दिसला तेव्हा आक्का परात सोडून उठल्याच. "अगं बया, ह्यो म्हातारा हितंबी आला व्हय!" त्यांना इतका आनंद झाला की त्या दिवशी सगळ्यांना चहा मिळाला.

पडद्यावरची अक्षरं जपानी. नावं वाचता येत नाहीत म्हटल्यावर आक्कांनी सगळ्यांची बारशी केली. जुन्या मशिनीतून आलेले ते माहेरचे आणि बाकीचे सासरचे. तो म्हातारा म्हणजे तात्या. केसांवरून हात फिरवत अर्धा डाव नुसता उभा राहणारा देखणा गडी म्हणजे जावईबापू. डुलत डुलत येऊन एकदम डसणारा एक होता, त्याला त्या शिराळकर म्हणायच्या. आक्कांचं माहेर नागांच्या शिराळ्याजवळचं, नागपंचमीला दुकान बंद ठेवून त्या तिकडं जायच्या, तेव्हा या नावाला आम्ही काही हरकत घेऊ शकत नव्हतो. आणि एक होती दाराएवढी रुंद, सावकाश चालणारी, कमरेवर हात ठेवून उभी राहणारी बाई. ती थोरली.

तिघं कसे निवडायचे याचं आक्कांचं शास्त्र ठाम होतं. आमची पोरं तिन्ही जबरी गडी घ्यायची, तिघेही मारके, तिघेही पुढं पुढं करणारे. आक्का कपाळाला हात लावायच्या. "आरं, तीन जावा एका सुभावाच्या असल्यावर चूल पेटंल का? एक राबणारा घे. एक भांडणारा घे. आन् एक गप ऱ्हाणारा घे, त्यो शेवटाला ठिव." शिवाय तिन्ही एकाच खेळातले घ्यायचे नाहीत, माहेरचा एक तरी हवा आणि सासरचा एक तरी हवा. आम्ही हसायचो. पण मी शांतपणे बघत गेलो तेव्हा लक्षात आलं, की एकाच खेळातून आलेल्यांची मारायची तऱ्हा सारखी असते. समोरच्यानं एकाचा उपाय शोधला की तिघांचा शोधलेला असतो. हे मला कळायला दोन सेमिस्टर लागली. आक्कांना चहा उकळायच्या आत कळलं होतं.

पडद्यावर प्रत्येकाच्या दोन पट्ट्या असायच्या. "वरची पट्टी जिवाची, खालची रागाची," आक्का नव्या पोराला सांगायच्या. मार खाल्ला की रागाची पट्टी भरत जायची आणि पूर्ण भरली की एक जोराचा, आग सुटल्यासारखा फटका देता यायचा. पोरांना पट्टी भरल्या भरल्या तो फटका मारायची घाई. "भरला म्हणून लगीच काढू नगं रं! साटवून ठिव. फुडच्या गड्याला कामाला यील." आणि खरंच, पहिल्यानं न वापरलेला राग दुसऱ्याला मिळायचा. एकदा एका पोराचा कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये कुणाशी तरी तंटा झाला आणि तो शर्टाची बाही फाटलेली घेऊन दुकानात आला. आक्कांनी सगळं ऐकून घेतलं, सुईदोरा काढून बाही शिवली आणि म्हणाल्या, "पैल्याच गड्यावर घालवलास व्हय समदा राग?" त्यानंतर आमच्या कॉलेजात हे वाक्य इतकं पसरलं की एक प्राध्यापकही ते वापरायला लागले. त्यांना ते कुठून आलं याचा पत्ता नव्हता.

आक्कांचा न्याय हाही एक प्रकार होता. कोयनेकडं जमीन हलली की सांगलीतही कधीकधी भांडी वाजायची. एका सकाळी असाच धक्का बसला. पत्रे खडखडले, पोरं ओरडत रस्त्यावर पळाली. आक्का सगळ्यांत शेवटी, परातीसकट बाहेर आल्या. पाच मिनिटांनी सगळे आत गेले तर पडद्यावर तासगावकराचा गडी मरून पडलेला. तासगावकर म्हणजे आमच्यातला सगळ्यांत तयार खेळाडू. त्याचं खरं नाव दिलीप, घरचा ऊस, मोठा भाऊ फौजेत, आवाज असा की सायकलवाल्याच्या दुकानातून ऐकू यावा. समोरचा पोरगा म्हणाला, मी जिंकलो. हा पठ्ठ्या भूकंपात मशिनीचा दांडा धरून बसून राहिला होता! तासगावकर लालबुंद. आक्कांनी दोघांना गप्प केलं. "भूकंपाचा डाव धरायचा न्हाई. पुन्यांदा खेळा." आणि त्या बसून राहिलेल्या पोराला वेगळं सांगितलं, "तू पुन्यांदा धरणी हलल्यावर हितं बसलास, तर तुज्या आईला कार्ड टाकीन." हवालदार कोयना धरणाच्या पायथ्याशी पहाऱ्यावर होते. शनिवारी ते एसटीतून उतरून घरी येईपर्यंत आक्का तो आठवडाभर दारातच उभ्या होत्या.

थोरलीला आमच्यात कुणी घेत नसे. ती चालायची सावकाश, तिची बुक्की लागायची जवळच, आणि तोवर समोरचा तिला तीनदा मारून जायचा. नवीन पोरगं चुकून तिला निवडायचं आणि सगळे खिदळायचे. फक्त आक्का तिच्या बाजूनं. "ती उगं आली न्हाई येवड्या लांबनं. तिच्यात कायतरी हाय. तुमाला गावत न्हाई त्यो तिचा दोस न्हवं." पुढंपुढं मला वाटायला लागलं, की आक्का स्वतः खेळल्या असत्या तर त्यांनी तिलाच घेतलं असतं.

असं दीड-दोन वर्षं छान चाललं होतं. सांगलीत तो खेळ दुसरीकडं कुठं नव्हता, त्यामुळं मिरजेहून, माधवनगरहून पोरं यायची. जुन्या मशिनीवर तोवर कुणी बसत नसे, सगळं दुकान या एका बोर्डावर उभं होतं. त्यात एका लग्नसराईत साताऱ्याचे माने सांगलीला आले.

माने म्हणजे पन्नाशीचा, पांढरीशुभ्र टोपी घालणारा, हळू बोलणारा माणूस. साताऱ्यात एसटी स्टँडच्या मागं त्यांचं असंच दुकान होतं आणि त्यातही हाच बोर्ड. लग्नातून वेळ काढून ते आक्कांचं दुकान बघायला आले, तासभर उभे राहून खेळ बघितला, मशीनही जवळून बघितलं. आक्का त्यांच्यासाठी चहा आणायला मागं गेल्या तेवढ्यात ते तासगावकराला म्हणाले, "चांगला हात हाय गड्या तुजा. सातारला येतूस? माज्याशी तीन डाव. हारंल त्येचा बोर्ड जिंकंल त्येला."

आणि आमचा शहाणा हो म्हणून बसला.

आक्का कप घेऊन बाहेर आल्या तेव्हा हे कळलं. त्यांनी कप मान्यांच्या हातात दिला, ते जाईपर्यंत हसून बोलल्या आणि मग तासगावकराला समोर उभा केला. 

"कुनाच्या नावानं शबुद दिलास?"

"आक्का, चुकलं माजं…"

"कुनाच्या नावानं?"

"तुमच्या."

बोर्ड गेला तर दुकान गेलं, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं. हवालदार तर आधीपासूनच म्हणत होते की हा पसारा आवर आणि कोयनेला क्वार्टरमध्ये राहायला ये. शेवटी आक्का म्हणाल्या, "मग जायाचं. आठ दिस हायत, सराव कर. दुसऱ्या कुनी टोकन मागू नगासा."

रविवारी सकाळच्या एसटीनं आम्ही तिघं निघालो. मी कशाला, तर बोर्ड उचलायला. पण बोर्ड आक्कांनी कुणाला दिलाच नाही. वाकळेत गुंडाळून, मांडीवर घेऊन कराड मागं टाकून साताऱ्यापर्यंत बसल्या. वाटेत तासगावकराला गडी पाठ करायला लावत होत्या. शिराळकर आधी, जावईबापू मधी, तात्या शेवटाला.

मान्यांच्या दुकानात पाय ठेवला आणि तासगावकर मशिनीपुढं थबकला. "आक्का, हितं चार बटनं हायत."

"आसतील. त्येंचं मशीन येगळं."

पहिल्या डावाला मान्यांनी आपले तिघे निवडले आणि त्यात थोरली बघून तासगावकरानं माझ्याकडं बघून डोळा मारला. मीही हसलो. मग मान्यांची करंगळी त्या चौथ्या बटनावर पडली आणि थोरलीनं पाय उचलला. ती लाथ आम्ही कधी बघितलीच नव्हती. अर्ध्या पडद्यापर्यंत पोचणारी, समोरच्याला उडी मारू न देणारी, शिराळकराला एका फटक्यात आडवा करणारी. तिच्या सावकाश चालण्याचा अर्थ तेव्हा कळला. तिला चालायची गरजच नव्हती. तासगावकराचे तिन्ही गडी तिनं एकटीनं झोपवले.

दुसऱ्या डावात आक्का त्याच्या मागं येऊन उभ्या राहिल्या. "राग काढू नगं. तात्यासाटनं ठिव." त्यानं दोन गडी घालवले पण राग जपला आणि म्हाताऱ्या तात्यानं तो भरलेला राग थोरलीवर ओतून डाव काढला. साताऱ्याच्या पोरांनीही टाळ्या वाजवल्या. तिसऱ्यात मात्र काही चाललं नाही. तासगावकर तीन बोटांनी खेळत होता आणि माने चार.

खोलीत गलका झाला. आक्का पुढं झाल्या. त्यांनी मान्यांना विचारलं, "त्ये चवथं बटन कसलं म्हनायचं?"

"जड लाथेचं," माने खाली बघत म्हणाले.

आक्कांनी पोरांकडं तोंड केलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "आमच्याकडं त्याची वायर मी टेप लावून बांदून ठिवलीया. जास्तीची समजून. दोन वर्सं झाली." आवाजात लपवाछपवी नव्हती. तिथं बसलेल्या त्या सगळ्या अनोळखी पोरांत त्यांना ते बोलायची काही गरज नव्हती. मला त्या क्षणी त्यांचा फार अभिमान वाटला आणि रडूही आलं.

तासगावकर उसळला. "मग ह्यो डाव धरायचाच न्हाई! भूकंपाचा धरला न्हाई, तसा ह्योबी न्हाई!"

"भूकंप आपुन केला न्हवता," आक्का म्हणाल्या. "वायर मी गुंडाळलीया."

त्यांनी वाकळेसकट बोर्ड मान्यांच्या हातात ठेवला. माने काहीतरी बोलायला गेले, पण आक्का वळल्या होत्या. जाताना त्यांनी मान्यांच्या मशिनीवरचं ते चौथं बटन फक्त एकदा दाबून बघितलं. मशीन तेव्हा बंद होतं.

त्यानंतरचे दोन महिने वाईट गेले. जुन्या मशिनीवर कोण खेळणार? मिरजेची पोरं यायची थांबली, मग माधवनगरची, मग आमच्याच होस्टेलची. तासगावकर मात्र रोज यायचा, बाकावर बसून मान खाली घालून गवार निवडायला लागायचा. आक्का त्याला एका शब्दानं बोलल्या नाहीत. उलट शेंगांच्या शिरा नीट काढत नाही म्हणून रागवायच्या, म्हणजे नेहमीसारख्याच. शनिवारी हवालदार आले की दुकानाचं काय करायचं ते बोलणं व्हायचं. एका शनिवारी ठरलं, महिनाअखेरीला बंद. आक्कांनी दारावरची पाटी उतरवून ओल्या फडक्यानं पुसून ठेवली, कोयनेला न्यायची म्हणून.

त्याच आठवड्यातल्या गुरुवारी माने आले. काखेत तीच वाकळ. गुरुवारी साताऱ्यात त्यांचं दुकान बंद असतं. टोपी काढून ते दारातच उभे राहिले.

"आक्का, बोर्ड घिऊन आलोय."

"दिलेलं परत घ्यायची आमच्यात रीत न्हाई."

"आवं, ऐकून तर घ्या. मी लग्नाला आलो तवाच तुमचं मशीन बगितलं व्हतं. तीन बटनं बगितली. बोललो न्हाई. म्हटलं, आपल्याला दुसरा बोर्ड मिळतूय." माने भिंतीला टेकले. "दोन म्हयनं झालं, त्यो बोर्ड लावलाच न्हाई मी. बसवायला गेलो की तुमी दिसता, वायर बांदून ठिवली म्हनून सांगताना."

तासगावकर परात ठेवून उठला. आक्कांनी त्याला डोळ्यांनीच बसवलं. मग त्या मान्यांना म्हणाल्या, "तुमी बोलला न्हाई ही तुमची चूक. मी बगितलं न्हाई ही माजी. बोर्ड तुमीच जिंकलाय, त्यो मी घ्यायची न्हाई."

माने हार मानणारे नव्हते. "बरं, नगा घिऊ. परत देतच न्हाई मी. ठिवायला देतू. बोर्ड माजा, ठिवलेला तुमच्याकडं. माज्याकडं जागा न्हाई."

आक्कांचा हात शेंगेवर थांबला. "म्हंजे मालक तुमीच?"

"मीच."

"ह्या पोरांसमोर सांगा."

"आवं मीच मालक! सांगितलं की."

"म्हंजे मी न्हवं?"

मान्यांना काही कळेना. त्यांनी आमच्याकडं बघितलं. मला मात्र मालकानं हात लावायचा नाही हा नियम आठवला. आक्कांनी परात खाली ठेवली, मोरीत जाऊन साबणानं हात धुतले, पदराला पुसले आणि मला म्हणाल्या, "वाईकर, तुज्या कालेजात भोक पाडायचं यंत्र आसंल न्हवं?"

कॉलेजच्या वर्कशॉपमधून ड्रिल कसं आणलं ते इथं सांगत नाही, ती माझी वेगळी भानगड आहे. तासाभरात पट्टीवर दोन्ही बाजूंना चौथं भोक पडलं. सायकलवाल्यानं कुठूनतरी दोन बटनं काढून दिली. आक्कांनी मशिनीची पाठ उघडली, दोन वर्षांची काळी टेप नखानं सोडवली आणि ती वायर जोडली. मग पुढं येऊन, साडी नीट सावरून, त्या बाकावर बसल्या. शेजारी माने बसले. बघायला दुकानात आम्ही दोघंच होतो.

आक्कांनी पहिली निवडली थोरली. दुसरा तात्या. तिसऱ्याला बराच वेळ लावला आणि जावईबापू घेतला.

त्या हरल्या. सपाटून हरल्या. इतकी वर्षं परातीवर बरोबर पडणारी बोटं खऱ्या बटनावर भलतीकडंच जात होती. थोरलीनं लाथ मारली ती प्रत्येक वेळी हवेत. "आगं, तिकडं न्हवं, हिकडं!" आक्का तिलाच ओरडत होत्या. तीन मिनिटांत खेळ संपला. आक्का पडद्याकडं बघत राहिल्या आणि मग इतक्या हसल्या, इतक्या हसल्या, की खोकला लागला. "पुन्यांदा," त्या म्हणाल्या. "माने, उटायचं न्हाई. पुन्यांदा."

हवालदारांनी शनिवारी पाटी परत दारावर ठोकली. काय काय झालं ते ऐकून त्यांनी खेळायला मिळावं म्हणून आपलाही मालकी हक्क सोडायची तयारी दाखवली, पण ते जमलं नाही. मिरजेची पोरं परत आली, माधवनगरची आली. माने दर गुरुवारी साताऱ्याहून येऊ लागले. येताना त्यांच्या शेतातली भाजी आणायचे आणि आक्कांच्या हातच्या भाकरी खाऊन जायचे. आक्कांनी पहिला डाव जिंकला तो चार-पाच महिन्यांनी, आणि त्या दिवशी सायकलवाल्यालासुद्धा बोलावून दाखवलं.

शेवटची परीक्षा झाली, मला पुण्यात नोकरी लागली. दुपारी दोनची एसटी होती. ट्रंक सायकलवाल्याकडं ठेवून मी आक्कांना भेटायला आत गेलो. गुरुवार होता हे माझ्या लक्षातच नव्हतं. आक्का आणि माने बाकावर, दोघांचाही एकेकच गडी उरलेला. "आक्का, निघतो," मी म्हणालो. "व्हय, व्हय," त्या म्हणाल्या. "जपून जा. पत्र टाक." पण मान वळली नाही. मी वाकून नमस्कार केला, त्यांनी तो घेतला असावा. एक डाव संपला आणि दुसरा सुरू व्हायच्या आधी पडदा क्षणभर काळा झाला. त्या काळ्या काचेत मला आक्कांचा चेहरा दिसला. जिभेचं टोक दातांत धरलेलं, चष्मा नाकावर घसरलेला, कपाळावर घाम, आणि इतक्या खुशीत मी त्यांना कधीच बघितलं नव्हतं. मग पडदा उजळला आणि चेहरा गेला. मी दाराला टेकून उभा राहिलो. अजून एक डाव बघून निघू म्हटलं.

पुण्याला मी साडेचारच्या गाडीनं गेलो.